मिक्सरजवळची दोन वर्षं

माय, मागच्या मंगळवारी सकाळी मी एका बाईला माझ्याकडे पाठ करून बसायला लावलं, आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं आहे. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तू असतीस तरी हे पत्र तुला वाचता आलं नसतं; तुला एसटीच्या पाट्या तेवढ्या ओळखू यायच्या, त्याही पवनार आणि वर्धा अशा दोनच. म्हणजे हे पाठवायचं कुठे हा प्रश्न नाही आणि वाचणार कोण हाही नाही. निदान मोकळेपणाने लिहिता येईल, असं मनाशी म्हणून बसले आहे. बघू किती जमतं ते.

काम तेच आहे. अजूनही दवाखान्यात लोकांचे कान तपासते. केस पांढरे झाले, चष्मा लागला, मशीन तीनदा बदललं, पण रीत तीच: माणसाच्या कानांवर हेडफोन चढवायचा, जाडे-बारीक आवाज एकेक करून सोडायचे, ऐकू आला की त्याने हातातलं बटण दाबायचं आणि मी कागदावर खूण करायची. हल्ली वर्षातून चार-सहा वेळा आमची गाडी बांधकामांवरही जाते. मंगळवारी सेलूच्या अलीकडे एका वसतिगृहाच्या बांधकामावर गेलो होतो. अशा ठिकाणी साडेसहालाच पोचावं लागतं, मशीन सुरू व्हायच्या आत, कारण रात्रभर विसावलेला कानच खरं सांगतो. दिवसभर आवाजात उभं राहिलेल्या माणसाचा कान संध्याकाळी तपासला तर तो दमलेला असतो आणि आकडे फसवे येतात. साइटच्या ऑफिसची खोली मिळाली, दारं-खिडक्या बंद, पंखाही बंद. उकडत होतं, पण त्याला इलाज नव्हता.

ती बाई चाळिशीची असेल. आर्वीकडची. बारा वर्षं मिक्सरवरच काम करते आहे, गिट्टी आणि रेती घमेल्याने ओतायची. बांधकामावरच्या बायांना आपल्याकडे रेजा म्हणतात, पण मिक्सरवरची रेजा स्वतःला जरा वरची समजते, हे जन्मभर मिक्सरवर राबलेल्या तुला मी काय सांगावं. ‘मॅडम, माहे कान येकदम चांगले हायेत, पाहून घ्या तुमी,’ असं ती दारातूनच एवढ्या मोठ्याने म्हणाली की बाहेर रांगेत उभे असलेले गडी हसले. मला हसू आलं नाही. एवढ्या मोठ्याने बोलणारी बाई मी घरात पाहिलेली आहे.

तपासणी सुरू केली आणि ती पास होत गेली. प्रत्येक आवाजाला बटण. जरा जास्तच पास होते आहे असं वाटलं, म्हणून मी आवाज न सोडता नुसताच हात मशीनवर हलवला. तिने बटण दाबलं. ती माझ्या खांद्याकडे पाहत होती. यात तिची लबाडी नव्हती, हे मला कोणी समजावून सांगायला नको. मिक्सर सुरू झाला की कोणाला कोणाचं ऐकू येत नाही, सगळं काम हातवाऱ्यांवर चालतं. मूठ म्हणजे थांब, पंजा आडवा हलवला की पाणी, दोन बोटं म्हणजे रेती, आणि डोक्यावर टोपीसारखा हात ठेवला की साहेब आला, कामाला लागा. जिने बारा वर्षं समोरच्याचा खांदा हलला की घमेलं उचललं, तिला समोर बसवून ‘ऐक’ म्हटलं तर ती पाहणारच. शिवाय तपासणी म्हणजे परीक्षा आणि परीक्षेत पास व्हायचं असतं, एवढं तर शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही कळतं. चूक माझी होती. खुर्ची मी आधीच फिरवायला हवी होती.

मग फिरवली. तोंड भिंतीकडे, पाठ माझ्याकडे. जाडे आवाज तिला थोडेफार आले. बारीक आवाजांना ती गप्प. मी आवाज वाढवला, आणखी वाढवला, बटणावरचा अंगठा हलला नाही. मध्येच तिने अंदाजाने दोनदा दाबून पाहिलं, पेपरात पोरं रिकाम्या जागा भरतात तसं. कागदावर रेघ उमटत गेली: आधी बरीचशी सरळ आणि पुढे बारीक आवाजांच्या जागी एकदम खाली. यंत्रांच्या आवाजाने गेलेला कान असाच दिसतो. मी हेडफोन काढला तेव्हा ती वळून रागाने म्हणाली, ‘मले उल्टं काऊन बसवलं तुमी? समोर बसली असती त सगळे आवाज आले असते.’ आणि तिला ते मनापासून खरं वाटत होतं.

तेव्हा मला आपलं स्वयंपाकघर आठवलं, माय. पवनारच्या घरातली ती अर्धी खोली, चूल, मातीची फळी, त्यावर उभी केलेली पितळेची ताटं. मी अकरावीत आहे. तू भाकरी थापते आहेस आणि मी दाराशी, गल्लीकडे तोंड करून, कॉलेजातलं काहीतरी सांगते आहे. तू परात सोडून उठतेस, पिठाच्या हाताने माझा दंड धरतेस आणि मला गर्रकन फिरवतेस. ‘पाठ करून बोलते का वं मायले? तोंड दाखवून बोल.’ माझ्या नव्या कुडत्यावर पिठाची पाच बोटं उमटली होती, मी त्यावरून रुसलेही होते. पण बोलण्याची रीत म्हणून ते माझ्यात इतकं भिनलं की पुढे माझ्या दोन्ही मुलांना मी तेच शिकवलं. आमच्या घरात कोणी पाठमोरं बोललं की माझा आवाज चढतो. थोरला एकदा म्हणाला, ‘आईशी फोनवर बोलतानासुद्धा तोंड दाखवावं लागतं.’ सगळे हसले, मीही हसले. तू मला वळण लावत नव्हतीस. तुला माझे ओठ पाहायचे होते. आणि मी आयुष्यभर ते वळण म्हणून मिरवलं.

तसं सगळं समोरच होतं. तू भिशीतून कुकर घेतलास तेव्हा गल्लीत कौतुक झालं. तू भात लावायचीस आणि कुकरसमोर पाटावर बसायचीस, डोळा न हलवता. शिट्टी वर उचलली की एक, पुन्हा उचलली की दोन. मी शेजारच्या काकूंना सांगायचे, आमची माय शिट्ट्या ऐकत नाही, पाहते. त्यांना ते फार आवडायचं, पुन्हा पुन्हा सांगायला लावायच्या. विहारात वंदना म्हणताना तू बाकीच्यांपेक्षा एक शब्द मागे असायचीस, कारण पुढच्या बाईकडे वाकून पाहून म्हणायचीस. आणि ते रातकिडे. भर एप्रिलात, दुपारी, तू अंगणात उभी राहून विचारलंस, ‘हे रातकिडे दिवसा काऊन ओरडून राह्यले?’ मी म्हटलं, कुठे आहेत रातकिडे? तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मीच बहिरी आहे.

स्लॅबच्या दुसऱ्या दिवशी तर तुझ्या कानातले ते रातकिडे फारच वाढायचे. स्लॅबचा दिवस म्हणजे तुमच्यात सणासारखा. सकाळी मिक्सरला हळदकुंकू, नारळ, आणि एकदा ड्रम फिरायला लागला की स्लॅब पुरा होईपर्यंत थांबायचा नाही, कारण मध्ये थांबलं तर सांधा राहतो आणि तिथून पाणी गळतं. मालकाकडून जेवण असायचं, वांग्याची भाजी, भात, वर बुंदी. तुम्ही पाळीपाळीने जेवायचा, पण मिक्सर चालूच, जेवायची जागाही त्याच्यापासून दहा पावलांवर. रविवारी स्लॅब असला की मी दुपारी यायचे, बुंदीसाठी. मला तिथे पाच मिनिटांत डोकं दुखायला लागायचं. तू घमेलं रिकामं करून माझ्याकडे पाहायचीस, पंजा तोंडाशी नेऊन जेवलीस का विचारायचीस, आणि मी मान हलवायचे. त्या गदारोळात आपलं बोलणं छान व्हायचं. खरं तर घरापेक्षा तिथेच छान व्हायचं.

घराबाहेर मात्र मला तुझी लाज वाटायची. लिहिते आहे तर हेही लिहिते. कॉलेजात असताना एकदा आपण वर्ध्याहून एसटीने येत होतो. माझ्या वर्गातल्या दोन मुली पुढच्या बाकावर होत्या. तू मला विचारत होतीस की पोटात दुखायचं थांबलं का, आणि का दुखत होतं तेही बोलत होतीस, सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात. मी दातओठ खात म्हटलं, ‘माय, हळू बोल ना. लोक ऐकून राह्यले.’ ते तुला बरोबर कळलं. पवनार येईपर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस, आणि त्यानंतर गाडीत, बाजारात, कुणाच्या लग्नात, चारचौघांत तू बोलायचंच सोडलंस. लोक म्हणायचे, हिची माय फार शांत आहे. मी ते ऐकून घ्यायचे. स्वतःचा आवाज किती मोठा लागतो आहे हे ज्याला ऐकू येत नाही त्याला ‘हळू बोल’ म्हणणं म्हणजे गप्प बस म्हणणंच आहे, हे आज मी आलेल्या नातेवाइकांना रोज समजावते. नोकरीचा भाग म्हणून.

मंगळवारी तपासण्या संपल्यावर मी साइटच्या इंजिनिअरला भेटले. नागपूरचा पोरगा, वागायला नम्र. मी म्हटलं, मिक्सरवरची माणसं आलटूनपालटून लावा, मशीन थोडं लांब न्या, ऑफिसच्या भिंतीपलीकडे. त्याने कपाट उघडून कानात घालायच्या बोळ्यांचा खोका दाखवला. वरची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. ‘हे दुसरं खोकं आहे मॅडम. पहिलं वाटलं होतं. नव्याची नवलाई दोन दिवस. घालतच नाहीत.’ बाहेर येऊन बायांना विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘घातलं त घामानं कान पिकते. अन् वरून कोणी आरोळी देल्ली, सळाख पडली, त समजन कसं?’ आता यातलं खोटं काय? तोही खरं बोलत होता आणि त्याही. भिंतींना कान असतात म्हणतात. भिंती बांधणाऱ्यांचे मात्र असे जातात, दोन्हीकडून खरं बोललं जात असताना. परत आत गेले तर इंजिनिअर म्हणाला, ‘पण मॅडम, ज्यांना ऐकू येत नाही त्यांची नावं द्या. त्यांना मशीनपाशी ठेवता येत नाही. गाडी रिव्हर्स येते, हॉर्न ऐकला नाही तर? उद्या काही झालं तर आमच्यावर येईल.’ तेही खरंच होतं.

ती बाई आमच्या गाडीपाशी उभी होती. इंजिनिअर काय बोलला ते तिने ऑफिसच्या काचेतून पाहिलं असावं, कारण मी काही सांगायच्या आत म्हणाली, ‘लिहू नोका जी मॅडम.’

मी म्हटलं, ‘खोटं कसं लिहू?’

‘खोटं नोका लिहू. लिहूच नोका. मिक्सरवरून काढलं त मले दुसरं काम नाई देत ते. माही पोरगी नर्सिंगले हाये. दुसरं वरीस हाये तिचं. येवढं दीड वरीस निघून गेलं का मंग लिहा काय लिहायचं ते.’

‘दीड वर्षात आहे तेही जाईल. गेलेलं परत येत नाही.’

‘मले काय गाणं ऐकाचं हाये का?’ ती म्हणाली. गाडीतला आमचा ड्रायव्हर हसला. ती हसली नाही.

मी विचारलं, ‘पोरीला माहीत आहे, तुम्हाला कमी ऐकू येतं ते?’

‘तिले काऊन सांगू? तिचा अभ्यास हाये.’

मी तिला शनिवारी दवाखान्यात बोलावलं, पोरीला घेऊन. साइटवरची तपासणी पक्की धरत नाहीत, दवाखान्याच्या बंद खोलीत पुन्हा करावी लागते, हे खरंच आहे. पण मला चार दिवस हवे होते हेही खरं आहे. तोवर कागद माझ्याकडे राहील म्हटलं. या चार दिवसांत मी काय लिहायचं हे काही ठरवू शकले नाही. लिहिलं तर तिचं काम जाणार आणि पोरीचं शिक्षण अडणार. नाही लिहिलं तर पोरगी नर्स होईल तेव्हा आईला तिचा आवाजही येणार नाही. पंचवीस-सव्वीस वर्षं कानांची भाषा शिकलेली बाई मी, आणि मला साधं हो की नाही सुचेना.

शनिवारी दोघी आल्या. पोरगी सडपातळ, दोन वेण्या, कॉलेजचा पांढरा ड्रेस. आमची तपासणीची खोली जाड भिंतींची आहे, मध्ये काच. मी बाईला आत बसवलं, या वेळी पहिल्यापासून पाठ आमच्याकडे करून, आणि बाहेर मशीनपाशी बसले. पोरगी माझ्या शेजारी उभी राहून रेघ पाहत होती. बारीक आवाजांच्या आकड्यांपाशी रेघ खाली उतरली तशी ती म्हणाली, ‘इथं चार हजारवर पडते ना मॅडम? आमाले शिकवलं.’ मग काचेकडे पाहतच, हळू आवाजात म्हणाली, ‘मले माहीत होतं.’

मी हात थांबवला. कधीपासून, विचारलं.

‘पहिल्या वर्षी कानाचा धडा झालता तवापासून. घरी जाऊन दोन-तीनदा आईले मागून हाक मारून पाह्यली मी. वळलीच नाई.’ ती नाक पुसत होती. ‘पण सांगतलं त ते काम सोडन, अन् मंग माहं कसं होईन? म्हून म्हटलं कोर्स होऊ द्या. कोर्स झाला का मीच घरी बसवणार होती तिले. तवा सांगणार होती.’

मला बोलायला तोंड कुठे होतं? उरलेले आवाज सोडले, खुणा केल्या, दार उघडलं. बाई बाहेर आली, तिने पोरीचे डोळे पाहिले आणि घाबरून मला विचारलं, ‘काऊन रडून राह्यली हे? काय म्हणली तुमाले?’ पोरगी माझ्याकडे पाहत होती. मी बाईच्या तोंडासमोर जाऊन सावकाश म्हटलं, ‘काही नाही. तुमची काळजी वाटली तिला.’ मग पोरगीच पुढे झाली. आईचे दोन्ही खांदे धरून, चांगलं मोठ्याने म्हणाली, ‘आई, मॅडमले लिहू दे. मी एखाद्या दुकानावर कामाले बसन संध्याकाळी. लिहू दे.’ बाई तिच्यावर कडाडली. तू कोण ठरवणारी, एवढ्यासाठी का बारा वर्षं घमेली उचलली, दुकानावर बसून काय नर्स होशीन? बाहेरच्या बाकांवरचे लोक दारात येऊन पाहायला लागले. पोरगी एकदासुद्धा ‘हळू बोल’ म्हणाली नाही. तेवढं तिचं माझ्यापेक्षा चांगलं.

मी लिहिलं. जे आहे ते लिहिलं, आणि खाली लाल शाईने लिहिलं की बाईला कामावरून काढण्याचं कारण नाही, मशीनपासून लांबचं काम द्यावं. इंजिनिअरला तीन फोन केले. सध्या तिला तराईवर घेतलं आहे, नव्या भिंतींवर आणि स्लॅबवर पाणी मारायचं. स्लॅब संपले की पुढचं सांगता येत नाही म्हणाला. बाई माझ्यावर रागावलेली आहे आणि तिला तो हक्क आहे. पोरगी मात्र परवा एकटी येऊन गेली. विचारत होती, मी सांगू का आईला, मला माहीत होतं म्हणून? मी म्हटलं, ते तुझं तू ठरव. एवढ्या शहाण्या चेहऱ्याने म्हटलं मी ते की माझीच मला किळस आली.

कारण मी नागपूरला कोर्सला होते तेव्हाची गोष्ट तुला ठाऊकच नाही. पहिल्याच वर्षी सरांनी फळ्यावर ती रेघ काढली होती, सरळ येऊन खाली पडणारी, आणि सांगितलं होतं की गिरणीतली, कारखान्यातली, बांधकामावरची माणसं अशी दिसतात. मला फळ्यावर तू दिसलीस. कुकर, विहार, रातकिडे, सगळं एका दमात जुळलं. त्यानंतर आठवड्याभरात सरावासाठी घरची माणसं आणायला सांगितली. मी तुला बोलावलं नव्हतं. तुला कुठून कळलं कोण जाणे, तू कामाचा खाडा करून, ठेवणीतलं हिरवं पातळ नेसून, दोन बस बदलून आलीस. कॉलेजच्या व्हरांड्यात उभी राहून म्हणालीस, ‘माहे कान पाय. रातकिडे कुठं बसले ते दिसन तुह्या मशीनमदे.’ तू आनंदात होतीस. लेकीचं मशीन पाहायला आली होतीस. आणि मी म्हटलं, मशीन आज बंद आहे.

आत मशीन चालू होतं, माय. माझ्या वर्गातली एक मुलगी तिच्या आजीला तपासत होती. तू ‘बरं’ म्हणालीस, भाकरी-ठेच्याचं गाठोडं माझ्या हातात दिलंस आणि दुपारच्या गाडीने परत गेलीस. मी हॉस्टेलच्या स्वयंपाकीणबाईंचा कान तपासून तो कागद सरांना दिला. तुझा आकडा माझ्या हाताने कागदावर उतरला असता तर मला तुला मिक्सरवरून उतरवावं लागलं असतं, आणि माझी फी त्या मिक्सरवर चालली होती. बाबा नव्हते, शेत नव्हतं, दुसरं कोणी नव्हतं. मी हे त्याच व्हरांड्यात, तू समोर उभी असताना, हिशोबासारखं स्वच्छ मनात मांडलं होतं. पुढची दोन वर्षं वर्ध्याभोवती प्लॉट पाडून घरं उठत होती, जवळजवळ दर आठवड्याला कुठे ना कुठे स्लॅब, आणि तू एकही चुकवला नाहीस. त्या दोन वर्षांत तुझं किती गेलं ते सांगता येत नाही. आधीचा कागदच नाही, तर वजा कशातून करायचं?

नोकरी लागली त्या महिन्यात मी तुला तपासलं. रेघ पाहिली आणि कपाळाला हात लावून म्हटलं, ‘अगं बाई, एवढं!’ जणू काही त्या क्षणाला कळलं. रडलेही. रडणं खरं होतं, बाकीचं नाही. तू हेडफोन काढून माझ्याजवळ आलीस, पदराने माझं तोंड पुसलंस आणि मलाच समजावलंस, ‘जाऊ दे वं. तुले का माहीत होतं?’ मी मान हलवली, नाही म्हणून. त्यानंतर पाच वर्षं तू माझ्याजवळ होतीस, रोज एका ताटात जेवलो, आणि मी ती मान कधी सरळ केली नाही.

त्या पोरीने निदान काचेबाहेर का होईना, म्हटलं. मी इथे म्हणते, जिथे तुला ओठही दिसणार नाहीत. मला माहीत होतं, माय.